पोच कोणी द्यायची?

सर,

काल कॉलेजात तुमची शोकसभा झाली. प्राचार्यांनी तुमच्या पदव्या वाचल्या, नोकरीची वर्षं वाचली आणि शेवटी म्हणाले, "प्रधान सर अत्यंत शांत स्वभावाचे होते." मी तिसऱ्या रांगेत बसले होते. मला हसू आलं. शेजारच्या मॅडमना वाटलं मी रडतेय, त्यांनी पाठीवरून हात फिरवला. शांत स्वभावाचे! प्रोटोकॉल यंत्राच्या कर्नलमधून बाहेर काढू या, असं मी नुसतं म्हटलं तरी तुमचा आवाज जिन्याखालच्या झेरॉक्सवाल्यापर्यंत जायचा. त्या सगळ्या सभेत 'कर्नल' हा शब्द एकदाही कोणी उच्चारला नाही. मी उठून चार शब्द बोलावं असं तुमच्या फोटोशेजारी बसलेल्या काकूंनी खुणेनं सुचवलं. मी नकारार्थी मान हलवली. बोलायचं होतं ते त्या हॉलमध्ये बोलण्यासारखं नव्हतं.

म्हणून हे लिहितेय. उद्या कोणाच्या हाती पडलं तर त्याला समजावं म्हणून आपलं भांडण आधी सांगते. तुम्हाला ते पाठ आहे, तरी ऐका.

तुम्ही प्रयोगशाळेत बारा जुनी, टाकून द्यायच्या लायकीची यंत्रं तारांनी जोडली होती आणि ती सगळी मिळून एकच यंत्र आहे असं वागायला लावणारी एक ऑपरेटिंग सिस्टीम लिहायला घेतली होती. नाव ठेवलं होतं 'गोफ'. आता बारा यंत्रं एकासारखी वागायची तर त्यांनी सतत एकमेकांशी बोललं पाहिजे. कोणी आधी बोलायचं, ऐकू आलं नाही तर पुन्हा कधी विचारायचं, ऐकू आल्याची पोच कशी द्यायची, या सगळ्याचे नियम म्हणजे प्रोटोकॉल. आणि प्रश्न एवढाच होता, की हे नियम यंत्रात ठेवायचे कुठे? तुमचं म्हणणं, कर्नलमध्ये, म्हणजे यंत्राच्या अगदी गाभ्यात. तिथं काम झपाट्यानं होतं, निरोप एका हातातून दुसऱ्या हातात उतरवून घेण्यात वेळ जात नाही आणि सगळ्या प्रोग्रामना एकच शिस्त लागते. माझं म्हणणं, वर, ज्याच्या त्याच्या प्रोग्रामसोबत. तिथं बिघडलं तर तेवढाच प्रोग्राम पडतो, अख्खं यंत्र बसत नाही. बदलायचं तर उद्या बदलता येतं. तिसरीही एक वाट होती. निरोप पोचवण्याचं काम एका वेगळ्या प्रोग्रामकडे द्यायचं, गावात एकच पोस्टमन ठेवतात तसं. ती वाट आपल्या दोघांनाही नापसंत होती. आपलं एकमत झालेली ती एकमेव गोष्ट.

मी तिसऱ्या वर्षाला होते तेव्हा वर्गात तुम्हाला पहिल्यांदा विचारलं, "सर, गाभ्यात चूक राहिली तर?" तुम्ही म्हणालात, "मग चूक ठेवायची नाही." वर्ग हसला. त्याच आठवड्यात तुमच्या हातून एक चूक राहिली आणि प्रयोगशाळेतली बाराही यंत्रं एकापाठोपाठ एक बसली. चुकीचा निरोप प्रत्येकानं इमानानं पुढच्या यंत्राला पोचवला होता. मी दारात उभी होते. तुम्ही काळ्या पडद्यांकडे बघत कौतुकानं म्हणालात, "बघ, किती एकजीव झालीत."

त्या दिवसापासून मी तुमची झाले, सर. आधी विद्यार्थिनी, मग तुमच्या हाताखाली नोकरीला, मग शेजारच्या टेबलावर. खालापूरला अब्बांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. मला यंत्रांतलं जे काय कळतं ते सगळं त्या दुकानातल्या स्टुलावर बसून कळलेलं. तुम्ही एकदा स्कूटरवरून मुद्दाम तिथं आलात, अब्बांसमोर बसलात आणि सगळा प्रश्न त्यांना समजावून सांगितलात. मला वाटलं, मला हरवण्यासाठी तुम्ही माझ्याच बापाला फोडायला आलायत. अब्बांनी हातातलं डाग द्यायचं यंत्र बाजूला ठेवलं, विचार केला आणि म्हणाले, "सर, जे बिघडतं ते हाताला लागेल असं वर ठेवावं. आत ठेवलं की प्रत्येक वेळी सगळा डबा खोलायला लागतो."

"आणि जे बिघडतच नाही ते?" तुम्ही विचारलंत.

"तसं काही माझ्या दुकानात अजून आलं नाही," अब्बा म्हणाले.

तुम्ही इतके खूश झालात, की पुढची सहा वर्षं ते वाक्य वर्गात माझ्याविरुद्ध नव्हे, स्वतःविरुद्ध सांगत राहिलात. अब्बा गेले तेव्हा तुम्ही सगळ्यांत आधी पोचला होतात, कर्जतहून. दुकानाच्या फळीवर बसून होतात.

रविवारी दहिवलीला तुमच्या घरी भांडायला मजा यायची. काकू जमिनीवर वर्तमानपत्र पसरायच्या, मोड आलेल्या वालांचं पातेलं मधे ठेवायच्या आणि म्हणायच्या, "भांडा खुशाल, पण हात चालू ठेवा." मग आपण डाळिंब्या सोलत सोलत कर्नलवर बोलायचो. तुम्हाला आवेश चढला की साल पातेल्यात आणि डाळिंबी कचऱ्यात जायची. काकू वेचून परत टाकायच्या. बिरड्याला नारळ कमी पडला तर त्याचा दोषही प्रोटोकॉलला जायचा. मला आता वाटतं, की माझ्या आयुष्यातला सगळ्यांत निश्चिंत काळ तो होता. मी बरोबर असले तरी चालत होतं, चूक असले तरी चालत होतं. जेवण मिळणारच होतं.

आता ते सांगते जे आपण कधी बोललो नाही.

मोहोपाड्याच्या बाजूला एका कारखान्यानं तुम्हाला बोलावलं. नाव लिहीत नाही. त्यांच्या आवारात ठिकठिकाणी वायू हुंगणारे संवेदक बसवायचे होते आणि ते सगळे एकमेकांशी आणि नियंत्रण कक्षाशी बोलणारे हवे होते. तुम्ही म्हणालात, आपला गोफ आता कामाला लागला. खालचा निरोपांचा सगळा भाग तुम्ही लिहिलात, अर्थात कर्नलमध्ये. नियंत्रण कक्षातला, पडद्यावर धोक्याची सूचना दाखवणारा प्रोग्राम मी लिहिला. रचना सोपी होती. संवेदकाला वायू लागला की त्यानं कक्षाला निरोप धाडायचा. पोच आली तर गप्प राहायचं, कारण आता माणसं बघून घेतील. पोच आली नाही तर तिथल्या तिथे भोंगा वाजवायचा.

माझा प्रोग्राम प्रत्येक सूचना पडद्यावर दाखवायचा आणि प्रिंटरवर छापायचाही. चाचणीच्या दिवसांत एकदा प्रिंटरमधला कागद संपला आणि माझा प्रोग्राम कागदाची वाट बघत तसाच अडकून राहिला. मी कागद घातला, प्रोग्राम पुन्हा सुरू केला आणि वहीत लिहिलं, 'नंतर बघू'. सर, हे मी तुम्हाला सांगितलं नाही. अर्ध्या दिवसाचं काम होतं. मी दुसऱ्या कशात तरी गुंतले होते. कशात, ते आता आठवतसुद्धा नाही.

पुढे तीन आठवड्यांनी, भर दुपारी, पंपाच्या शेडमध्ये वायू सुटला. संवेदकानं निरोप धाडला. कक्षातल्या यंत्रानं तो घेतला आणि तुमच्या कर्नलनं नेमानं पोच दिली. पण प्रिंटरमधला कागद पुन्हा संपला होता आणि वर माझा प्रोग्राम कागदाची वाट बघत बसला होता. निरोप यंत्रापर्यंत पोचला, माणसापर्यंत पोचलाच नाही. पोच आली म्हणून भोंगा गप्प राहिला. आणि पोशीरचा काशिनाथ, पंपावर काम करणारा, नेहमीसारखा शेडमध्ये झडप बघायला गेला.

त्याच्या सोबत्यानं उघड्या दारातून त्याला पडलेला पाहिलं आणि नाकाला ओलं फडकं बांधून ओढत बाहेर आणलं, म्हणून तो वाचला. पण त्याचा दम गेला तो गेलाच. नोकरी सुटली.

चौकशीच्या बैठकीला कारखान्याचे चार जण होते, तुम्ही होतात आणि मी होते. माझ्या मांडीवर माझ्या प्रोग्रामचे कागद होते. कोणी तरी विचारलं, "भोंगा का वाजला नाही?" मी तोंड उघडणार होते. खरंच उघडणार होते, की तसं मी नंतर स्वतःला सांगितलं, हे आता ठरवता येत नाही. तुम्ही उभे राहिलात आणि म्हणालात, "पोच माझ्या थरातून गेली. निरोप माणसानं बघितला की नाही याची खात्री न करता मी पोच दिली. चूक माझी आहे." त्यांनी ते लिहून घेतलं. खाली तुम्ही सही केलीत. मी कागदांच्या कडा सारख्या करत बसले.

परतताना चौक गावापर्यंत आलो. मग स्कूटर बाजूला घेऊन विचारलंत, "जेवलीस का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी प्रयोगशाळेत गेले आणि ते अर्ध्या दिवसाचं काम दोन तासांत केलं. तुम्ही आलात, पिशवी ठेवलीत आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "रुबीना, तुझा प्रोग्राम प्रिंटरची वाट किती वेळ बघतो गं?"

"दोन सेकंद, सर. मग सोडून देतो."

"बरं," तुम्ही म्हणालात.

खोटं नव्हतं ते. त्या सकाळपासून तो दोनच सेकंद थांबत होता. तुम्ही यंत्रातल्या नोंदी वाचणारे माणूस. कोणत्या वेळेला काय बदललं हे तुम्हाला दोन मिनिटांत दिसलं असणार. तरी 'बरं'.

त्यानंतर तुम्ही संवेदकाचे नियम बदललेत. कर्नलनं पोच दिली तरी वरच्या प्रोग्रामकडून, म्हणजे पडद्यासमोरच्या माणसानं बटण दाबल्यावर, दुसरी पोच येईपर्यंत भोंगा वाजायची उलटी मोजणी चालू ठेवायची. मी काय केलं? मी ते माझा विजय म्हणून मिरवलं. प्रत्येक नव्या वर्गाला सांगितलं, की बघा, शेवटी खरी पोच वरूनच यावी लागते, सरांनीही मान्य केलं. तुम्ही मागच्या बाकावरून ओरडायचात, "मान्य केलेलं नाही! दोन्ही ठेवलंय!" मुलं हसायची. आपली जोडी कॉलेजात प्रसिद्ध होती. मी जितकी मोठ्यानं भांडायचे तितकी ती अपघाताची दुपार माझ्यापासून लांब जायची. हे मला तेव्हा कळत नव्हतं असं म्हणणार नाही.

आणि तुमच्या हातात हुकमाचं पान होतं, सर. एका शब्दात तुम्ही मला गप्प करू शकला असतात. भर वर्गात 'प्रिंटर' एवढंच म्हणायचं होतं. नऊ वर्षांत, सगळ्या भांडणांत, पार हरत आलात तेव्हासुद्धा, ते पान तुम्ही टाकलं नाहीत. मी याचे आभार कधी मानले नाहीत. मानले असते तर कशाचे मानतेय ते सांगावं लागलं असतं.

गेल्या महिन्यात दवाखान्यात तुम्हाला भेटायला आले ती सांगायचं ठरवूनच आले होते. तुमचे पाय सुजले होते, आवाज बारीक झाला होता. मला बघून उशीला टेकून बसलात.

"वाचलंस का? लोक आता कर्नलमध्येच छोटे छोटे प्रोग्राम सोडायला लागलेत. निरोप आतल्या आत निकालात काढतात. म्हणजे मी जिंकलो."

"आणि उरलेले लोक कर्नलला वळसा घालून थेट नेटवर्क कार्डाशी बोलतायत. सगळा प्रोटोकॉल वर. म्हणजे मी."

"दोघंही कसे जिंकू?"

"दोघंही हरलो असू, सर."

तुम्ही हसलात आणि खोकलात. काकूंनी पाणी दिलं. मी म्हटलं, "सर, त्या कारखान्याचं..." तुम्ही हात वर केलात, मला थांबवायला की पाण्याचा पेला परत द्यायला, ते कळलं नाही. तेवढ्यात सिस्टर आल्या, सुई टोचायला. मी बाहेर गेले. पुढच्या वेळी सांगू, म्हटलं. 'नंतर बघू'च्याच जातीचं वाक्य. गुरुवारी काकूंचा फोन आला.

काल सभा संपल्यावर मी घरी गेले नाही. नेरळला उतरून रिक्षानं पोशीरला गेले. काशिनाथचं घर विचारायला लागलं नाही, वाटेवरच त्याच्या नावाची पाटी लावलेलं छोटं किराणा दुकान दिसलं. तो गल्ल्यामागे खुर्चीत बसला होता. केस पांढरे झालेत. मी नाव सांगितलं, कुठून आले ते सांगितलं, तुम्ही गेल्याचं सांगितलं.

"अरं देवा," तो म्हणाला. "चांगला मानूस व्हता. बसा ना, म्याडम."

मी बसले नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं. प्रिंटर, कागद, तीन आठवडे, बैठक, मांडीवरचे कागद. त्याला सगळं कळलं असेल असं नाही. शेवटी म्हटलं, "चूक माझी होती. सरांनी स्वतःवर घेतली."

त्यानं गल्ला लोटून बंद केला. मग विचारलं, "मंग तवा का नाय बोललाव?"

"भ्याले," मी म्हटलं. ते पुरेसं नव्हतं.

"सर आलं व्हतं हितं," तो म्हणाला. "दोन येळा. मी इचारलं त्यांना, चूक कोनाची? म्हनलं, दोगांची. माजी आनि माज्याबरोबरच्या मानसाची. मी म्हनलं, कोन तो? तर म्हनलं, नाव मी नाय सांगनार. ते मानूस स्वताच येईल तुज्याकडं."

मी खुर्ची ओढून बसले. त्याच्या बायकोनं आतून पाणी आणलं.

"मी काय वाट बगत नव्हतो," काशिनाथ म्हणाला. "इसरलोच व्हतो. तुमी आलाव तवा आठावलं." त्याला बोलताना मधे मधे थांबावं लागत होतं, दमासाठी. मी तो आवाज ऐकत बसले. तो ऐकणं मला भागच होतं. मग त्यानं विचारलं, "आता तिथं भोंगा वाजतो का?"

"वाजतो. समोरच्या माणसानं बटण दाबलं नाही तर आपोआप वाजतो. सरांनी केलंय."

"मंग बास," तो म्हणाला. "राग आला व्हता, म्याडम. आताबी येतोय वाईच. पन च्या घेऊन जावा."

चहा घेतला. त्यानं मला माफ केलं असं मी लिहिणार नाही, त्यानं तसं म्हटलं नाही. त्यानं चहा दिला.

रिक्षात बसल्यावर माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. तुम्ही त्याच्याशी बोलताना मला 'माणूस' म्हणालात. 'बाई' म्हणाला असतात, 'विद्यार्थिनी' म्हणाला असतात, तर त्याला कळलं असतं, तुमच्याबरोबर एकच बाई होती. तुम्ही शब्दसुद्धा निवडून वापरलात. आणि 'येईल' म्हणालात. येईल की नाही बघू, असं नाही. येईल. इतकी वर्षं मी गेले नाही, तरी तुम्ही मला एकदाही ढकललं नाहीत. मला तुमचा रागही येतोय, खरं सांगते. एकदा दरडावून विचारायचं होतंत. मी सांगितलं असतं. तुम्ही जिवंत असताना सांगितलं असतं. पण तुम्ही चूक ज्याच्या त्याच्या हातात ठेवणारे निघालात. कर्नलच्या बाबतीत कधी ठेवली नाहीत, माणसांच्या बाबतीत मात्र ठेवलीत.

आज सकाळी प्रयोगशाळेच्या कपाटातून त्या चौकशीची प्रत काढली. कारणाच्या रकान्यात तुमच्या शब्दांत दोन ओळी आहेत आणि खाली तुमची सही. तिच्याखाली मी चार ओळी लिहिल्या. प्रिंटरचं लिहिलं, मला आधीपासून माहीत होतं हे लिहिलं, आणि माझं नाव घालून सही केली. एक प्रत कारखान्याला पाठवली. त्यांना त्याचं काय करायचं ते ते ठरवतील. काकूंनाही फोनवर सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मला ठाऊक नव्हतं गं. त्यांनी घरीसुद्धा सांगितलं नाही." आणि फोन ठेवता ठेवता, "रविवारी ये."

सोमवारपासून तुमचा तास माझ्याकडे येतोय. धडा तोच आहे, प्रोटोकॉल कुठे ठेवायचा. मी तो कागद वर्गात पूर्ण वाचून दाखवणार आहे, नावांसकट. मग मुलं विचारतील, मॅडम, नक्की कुठे ठेवायचा? मी आधी तुमची बाजू मांडीन. अर्धवट नाही, पाडण्यासाठी उभी केलेली नाही. वेगाचं सांगेन, एका शिस्तीचं सांगेन, गाभ्यातलं काम नीट केलं तर वरचा कितीही आळशी प्रोग्राम त्यावर कसा निभावून नेतो ते सांगेन. तुम्ही सांगितलं असतंत त्याहून चांगलं सांगायचा प्रयत्न करीन. मग माझी बाजू मांडायला फळ्याकडे वळीन, आणि कोणी मागून ओरडेल म्हणून क्षणभर थांबेन.

तुमची,
रुबीना